गुडघा उडाला नाही तर

डॉक्टर मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात. पाय उडत नाही. पुन्हा मारतात, मग दुसऱ्या पायावर. केसपेपरवर दोन अक्षरे खरडतात, ‘रिफ्लेक्स मिळत नाहीये, एकदा न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवून घ्या’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. बाहेर बाकावर बूट घालताना मूल मजेत असते. आईबापांचे अवसान मात्र गळालेले असते, आणि त्याच रात्री मोबाइलवर शोधत शोधत ते स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीपर्यंत पोचतात. २०२१मध्ये मुंबई-पुण्यातल्या तान्ह्या बाळांसाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनची वर्गणी झाली, तेव्हापासून ‘एसएमए’ ही तीन अक्षरे घरोघरी ठाऊक आहेत.

त्या रात्रीपासून पुढे काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, ते इथे मांडले आहे. डोळ्यांसमोर घर ठेवले आहे ते कल्याणजवळच्या मोहने, आंबिवली, अटाळी, वडवली या पट्ट्यातले. इथून मुलांच्या मेंदू-मज्जातंतूंचा डॉक्टर गाठायचा म्हणजे एक दिवसाची रजा आणि लोकलमध्ये अर्धा दिवस. ती खेप वाया जाऊ नये. आणि एक गोष्ट आरंभीच सांगतो: रिफ्लेक्स न मिळणे हा आजार नव्हे, ती फक्त एक नोंद आहे. तिचा अर्थ लागतो तो मुलाच्या ताकदीवरून, चालीवरून आणि दोन बाजूंच्या तुलनेवरून.

साहित्य: मोबाइल, एक वही, लसीकरणाचे कार्ड, जन्माच्या वेळचे कागद, असतील तर मुलाचे पहिली पावले टाकतानाचे जुने व्हिडिओ, रेशनकार्ड, आधारकार्ड. हातोडी नको.

आधी घाई आहे का ते ठरवा

हे काम त्याच संध्याकाळी, दहा मिनिटांत करायचे. प्रश्न एकच: मूल गेल्या काही दिवसांत बदलले आहे का?

परवापर्यंत जिने चढणारे मूल आज ‘कडेवर घे’ म्हणून हट्ट करते, पाय दुखतात म्हणून रडते, चालताना गुडघ्यात मोडते, उभे राहताना धरायला काहीतरी शोधते. काल पायात असलेली कमजोरी आज हातात दिसते. आवाज नाकातून येतो, पाणी पिताना ठसका लागतो, धाप लागते. यातले काही असेल तर हा लेख खाली ठेवा आणि आयसीयू असलेले रुग्णालय गाठा. १०८ला फोन करा. सकाळची ओपीडी उघडण्याची वाट पाहू नका. लहान मुलांना ‘कमजोरी आली’ असे सांगता येत नाही. ती चालायला नकार देतात आणि घरातले त्याला हट्ट समजतात.

अशा वेळी डॉक्टरांच्या मनात पहिले नाव येते ते गुलियन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात त्याचा उद्रेक झाला, रुग्णसंख्या दोनशेच्या पुढे गेली आणि संशय पिण्याच्या पाण्यावर आला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन जातो, आठ-पंधरा दिवसांनी शरीराची प्रतिकारशक्ती जंतूऐवजी स्वतःच्याच नसांवर उलटते. कमजोरी पायांतून वर चढते आणि रिफ्लेक्स जातात. म्हणून डॉक्टरांना सांगायची सगळ्यांत मोलाची माहिती ‘मागच्या महिन्यात जुलाब झाले होते का’ ही असते. तुम्हाला ती क्षुल्लक वाटेल, तरी सांगा. उपचार आहेत: इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन किंवा प्लाझ्मा बदलणे. ते जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. बहुतेक मुले पुन्हा चालू लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या उपचारांची सोय आहे, म्हणून रेशनकार्ड बरोबर असू द्या.

मोहन्याचा आणि पाण्याचा संबंध इथल्या माणसाला सांगायला नको. उल्हास नदीवरचा बंधारा दारात, शहराला पाणी जाते ते इथूनच उचलून, आणि उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीची चादर. पालिकेचे शुद्ध केलेले पाणी नळाला येईपर्यंत मध्ये गटारातून गेलेल्या जोडण्या, गच्चीवरच्या टाक्या आणि टँकर असतात. पावसाळ्यात पाणी उकळून प्या, हा सल्ला जुना आहे आणि अजूनही खरा आहे. चिकन नीट शिजवणे हेही त्यातलेच; कॅम्पायलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यांत असतो.

पावसाळ्याचीच दुसरी गोष्ट, जी शहरातल्या डॉक्टरला पटकन सुचत नाही. जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटदुखीने उठले, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, अंग ढिले पडले, तर मण्यार चावल्याची शंका घ्या. मण्यारीचा दंश कित्येकदा दिसत नाही आणि दुखतही नाही. टिटवाळ्याकडच्या वाड्यांत आणि नदीकाठच्या वस्त्यांत हे होते. सर्पदंशावरचे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला की सरकारी नियमानुसार त्याची खबर आरोग्य विभागाला द्यावी लागते. मग माणसे घरी किंवा वॉर्डात येतात आणि शौचाचे दोन नमुने मागतात, चोवीस तासांच्या अंतराने, लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत. पुष्कळ पालक यावर घाबरतात, ‘आमच्या पोराला पोलिओ झाला का?’ तसे नसते. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला आणि मार्च २०१४मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. तो तसाच आहे हे पुनःपुन्हा सिद्ध करायला हे नमुने लागतात. द्या.

घाईच्या यादीत आणखी दोन गोष्टी. एकाच पायाचा रिफ्लेक्स गेला असेल आणि तो पाय बारीक, थंड किंवा ओढल्यासारखा वाटत असेल. किंवा लघवी-शौचावरचा आलेला ताबा पुन्हा गेला असेल. यात मध्यरात्री धावायचे नसले तरी दोन दिवसांत डॉक्टर गाठायचे. पाठीला मणक्याच्या तळाशी खळी, केसांचा झुबका किंवा गाठ आहे का, तेही आंघोळीच्या वेळी पाहून घ्या.

यातले काहीच नसेल, मूल नेहमीसारखे पळत असेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. कदाचित महिनाभराचा. तो नीट वापरा.

नेमके काय तपासले गेले ते समजून घ्या

वाटीखाली जो घट्ट पट्टा लागतो ती मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी. तिच्यावर टकटक केली की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो, ताणाची खबर नसेतून कमरेच्या पातळीवर मज्जारज्जूत जाते आणि तिथूनच दुसऱ्या नसेने ‘आकस’ हा हुकूम परत येतो. मेंदूला विचारले जात नाही. हे सगळे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास उरकते. या वाटेत कुठेही अडथळा आला, स्नायूत, नसेत किंवा मज्जारज्जूत, तर पाय उडत नाही. ठोका दोरीवर न बसता हाडावर बसला तरी उडत नाही. मुलाने पाय घट्ट आवळून धरला असला तरी नाही.

ही तपासणी १८७५ साली दोन जर्मन डॉक्टरांनी, एर्ब आणि वेस्टफाल यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. त्या काळी मज्जारज्जूपर्यंत पोचलेल्या उपदंशाच्या रुग्णांचे गुडघे उडत नसत, आणि वेस्टफालचे नाव त्या खुणेलाच चिकटले. गुडघा न उडण्याला जी धास्ती चिकटली तिचे एक मूळ त्या काळात आहे, असे मला वाटते. तो आजार आज त्या रूपात क्वचितच दिसतो. पूर्ण धडधाकट असलेल्या काही माणसांचे रिफ्लेक्स मिळता मिळत नाहीत, हेही डॉक्टरांना तेव्हापासून ठाऊक आहे.

केसपेपरवर ‘केजे’ किंवा ‘डीटीआर’ असे लिहून पुढे शून्यापासून चारपर्यंत आकडा किंवा अधिकची चिन्हे असतात. दोन म्हणजे ठीक, एक म्हणजे कमी, शून्य म्हणजे मिळाला नाही, तीन-चार म्हणजे जास्त उसळी. हे मार्क नाहीत. दोन्हीकडे एक असलेले मूल निरोगी असू शकते. एकीकडे तीन आणि दुसरीकडे एक असेल तर डॉक्टर भुवया उंचावतील. तुमच्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, दोन्ही पायांचे लिहिले आहे की एकाचे, घोट्याचे आणि हातांचे रिफ्लेक्स पाहिले होते का, हे फोन करून विचारून घ्या. शाळेच्या हॉलमध्ये रांगेत दीडशे मुले उभी असताना झालेली तपासणी ही चाळणी असते, निदान नव्हे.

तपासणी शाळेत किंवा अंगणवाडीत झाली असेल तर ती बहुधा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने केलेली असते. हा कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरहून, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची पाहणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, आणि पुढे पाठवणीही मोफत. पथकाने दिलेली चिठ्ठी फेकू नका. सरकारी रुग्णालयात ती दाखवली की काम सोपे होते.

घरी काय पाहायचे

लाटण्याने, चमच्याने किंवा ऑनलाइन मागवलेल्या हातोडीने मुलाच्या गुडघ्यावर ठोकू नका. दोन दिवसांत मुलाला कळते की पाय उडाला की आई हसते. मग ते ठोका बसायच्या आधीच पाय झटकते किंवा धास्तीने आवळून धरते, आणि खऱ्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना काहीच मिळत नाही.

पाहायची ती ताकद. मुलाला कळू न देता, खेळताखेळता, आणि प्रत्येक गोष्टीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. पाय उघडे दिसतील अशी चड्डी घाला, कॅमेरा जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर धरा, संपूर्ण मूल चौकटीत येऊ द्या.

पहिला व्हिडिओ जमिनीवरून उठण्याचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. मूल मांडी घालून बसले आहे, त्याला खाऊ दाखवून बोलवा. ते झटकन उठते का? की आधी ओणवे होते, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखे उभे राहते? दुसऱ्या प्रकारच्या उठण्याला गॉवर्सची खूण म्हणतात आणि ती कमरेच्या स्नायूंची कमजोरी दाखवते. दोन-तीन ते पाच वर्षांच्या मुलग्यात अशी उठण्याची तऱ्हा, चवड्यांवर चालणे, सारखे पडणे आणि नजरेत भरणाऱ्या गुबगुबीत पोटऱ्या एकत्र दिसल्या तर ड्युशेन नावाच्या स्नायूंच्या आजाराची तपासणी करावी लागते. पोटऱ्या बघून आजी ‘बाळसे धरलेय’ म्हणते, त्यामुळे हे लक्षात यायला उशीर होतो.

दुसरा जिन्याचा. तीन वर्षांपुढचे मूल साधारणपणे एकेक पायरीवर एकेक पाय टाकत चढते. कठडा धरते का, दोन्ही पाय एका पायरीवर आणते का, थकते का.

तिसरा लंगडीचा. चार-पाच वर्षांच्या मुलाला लंगडी घालता येते. डाव्या आणि उजव्या पायावर वेगवेगळी घालायला लावा. टाचांवर चालणे आणि चवड्यांवर चालणे हेही याच खेळात उरकते. टाचांवर चालताना पंजा वर उचलत नसेल, किंवा चालताना पायातली स्लीपर निसटून पडते आणि मुलाला पत्ताच लागत नाही, तर तसे लिहून ठेवा. पायाच्या लांब नसांचे आजार आधी पंजात दिसतात. तळपायाची कमान फार उंच आहे का, बुटाची झीज कशी होते, तेही पाहा.

तान्ह्या बाळाची पाहणी वेगळी. उताणे झोपवल्यावर ते पाय हवेत झाडते का, की बेडकासारखे बाजूला पसरून ठेवते? हाताखाली धरून उचलले तर निसटून जाईल असे वाटते का? दूध ओढताना दमते का, रडणे क्षीण आहे का, जीभ स्थिर असताना तिच्यावर बारीक वळवळ दिसते का? एसएमएच्या बाळात या गोष्टी दिसतात. चेहरा मात्र टवटवीत, डोळे सगळीकडे भिरभिरणारे. म्हणजे रिफ्लेक्स न मिळणे हे एसएमएत एकटे येत नाही, त्याच्यासोबत डोळ्यांना दिसणारी कमजोरी असते. जे बाळ वेळेवर मान धरू लागले, वेळेवर बसले, आता घरभर पळते आहे, त्याच्याबद्दल रात्रीचा तो शोध बंद करायला हरकत नाही. अशी कमजोरी दिसत असेल तर मात्र महिनाभर थांबायचे नाही. तान्ह्या वयात एसएमएच्या औषधांना उशीर परवडत नाही. बाळ अंगावर पिते, आई शुद्ध शाकाहारी आहे, सहा-आठ महिन्यांनंतर बाळ मंद झाले, हसेनासे झाले, हात थरथरतात, बोटांची पेरे काळवंडली, तर बी-१२ची कमतरता हे कारण असू शकते. ते रक्ततपासणीत कळते आणि इंजेक्शनांनी बरे होते. वेळीच दिले तर.

वहीतले एक पान

डॉक्टरांपुढे बसल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून हे आधी लिहा. एकच पान, दोन्ही बाजू नकोत. बाळंतपण कसे झाले, बाळ लगेच रडले का, काचेत ठेवले होते का. मान कधी धरली, आधाराशिवाय कधी बसले, चालले कधी. गेल्या दोन महिन्यांतले जुलाब, ताप, घसा, इंजेक्शने. कोणती औषधे चालू आहेत. कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, झोपेच्या तंद्रीत की खेळून आल्यावर तपासणी झाली.

मग घराण्याचा इतिहास, आणि हा मोहन्यात जरा जपून लिहायचा. नात्यात लग्न झाले आहे का, हे लाजू नका, लिहा. कुणाचे पाय लहानपणापासून बारीक, पंजे वाकडे, कुणी तरुणपणी काठी धरली, कुणाचे मूल लहानपणी गेले. ‘आजोबांचे पाय बधिर होते’ एवढेच लिहिले तर डॉक्टर आनुवंशिक आजाराकडे वळतील. पण आजोबांना मधुमेह होता का? दारू? आणि आयुष्य कोणत्या खात्यात काढले? आपल्याकडे कित्येक घरांतली एक पिढी एनआरसीत, म्हणजे मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात होती. व्हिस्कोस रेयॉन तयार करताना कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि ते वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर हातापायांच्या नसांना इजा होते, हे जगभरातल्या रेयॉन कामगारांच्या तपासण्यांतून फार पूर्वीच कळले आहे. अमुक कामगाराला तेच झाले असे यावरून म्हणता येत नाही. कंपनी २००९पासून बंद आहे, म्हणजे आजच्या मुलाच्या गुडघ्याशी तिचा काही संबंध नाही. पण आजोबांच्या बधिर पायांचे कारण कामातले असू शकते, रक्तातले नव्हे, एवढा फरक डॉक्टरांना कळला तर नातवाच्या तपासणीची दिशा बदलते. म्हणून ‘स्पिनिंग खात्यात अमुक वर्षे’ असे नेमके लिहा.

पुन्हा एकदा, नीट

मोठ्या रुग्णालयात जाण्याआधी आपल्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञाकडे एक भेट घ्या, गर्दी नसेल तेव्हाची वेळ मागून. मूल झोप झालेले, पोट भरलेले असावे. जीन्स नको. थंडीच्या दिवसांत पाय गार नसावेत.

मुलाला टेबलाच्या कडेला असे बसवतात की पाय लोंबकळतील, जमिनीला टेकणार नाहीत. लहान असेल तर आईच्या मांडीवर, किंवा उताणे झोपवून गुडघ्याखाली डॉक्टरांचा हात. डॉक्टर आधी बोटाने दोरी चाचपतील, मग हातोडी मनगटातून सैल सोडतील. नजर पावलाकडे नको, मांडीकडे हवी. पाय उडाला नाही तरी मांडीचा स्नायू कातडीखाली थरकला, की रिफ्लेक्स आहे. मुलाने मुद्दाम मारलेली लाथ उशिरा येते आणि मोठी असते.

तरी मिळाला नाही तर १८८०च्या दशकात हंगेरीच्या येन्ड्रासिक नावाच्या डॉक्टरांनी सांगितलेली युक्ती वापरतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत आकड्यासारखी अडकवायची आणि ठोका बसतो त्याच क्षणी जोराने ओढायची. मुलाचे लक्ष हातात जाते, मज्जारज्जू जरा जास्त सावध होतो आणि दडलेला रिफ्लेक्स पुष्कळदा वर येतो. चार वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. त्याला चेंडू दाबायला द्या, दात आवळायला सांगा, मोठ्याने पाढे म्हणायला लावा. ‘डॉक्टर, हात ओढायला लावून बघता का?’ असे विचारायला संकोच करू नका. हाच रिफ्लेक्स दुसऱ्या भेटीत मिळाला, तर तुमची गोष्ट इथेच संपली.

आणखी एक मागणी करा, जरा विचित्र वाटेल: तुमच्याही गुडघ्यावर हातोडी मारायला सांगा. बापाचे रिफ्लेक्स मिळत नाहीत आणि बाप वर्षानुवर्षे लोकलच्या गर्दीत उभा राहून कामावर जातो आहे, ही माहिती फार बोलकी असते. उलट बापाच्याही पायाची कमान उंच आणि पोटऱ्या बारीक निघाल्या, तर डॉक्टरांना नसांच्या आनुवंशिक आजाराचा धागा तिथेच सापडतो.

मोठ्या डॉक्टरांकडे

दुसऱ्या भेटीतही रिफ्लेक्स मिळाला नाही, किंवा व्हिडिओत काही खटकले, तर मुलांचा न्यूरोलॉजिस्ट. ‘मुलांचा’ हा शब्द महत्त्वाचा. कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय जवळची, पहिली पाठवणी तिथून मिळेल. पुढे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम, आणि केईएमच्या शेजारचे फक्त मुलांचे असलेले, १९२९पासून चालू असलेले वाडिया. न्यूरोची ओपीडी रोज नसते. वार फोनवर किंवा पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, नाहीतर पहाटेची कसारा-मुंबई गाडी पकडून दादरला उतरायचे, परळला पोचायचे आणि ‘बुधवारी या’ ऐकून परतायचे. मुलासोबत दोघे मोठे असावेत: एक रांगेत, एक मुलापाशी.

आत गेल्यावर आधी व्हिडिओ दाखवा, मग पान. रडून थकलेले मूल टेबलावर काही करून दाखवत नाही. घरचा तीस सेकंदांचा व्हिडिओ तिथे कामाला येतो. डॉक्टर डोळ्यांच्या बाहुल्या पाहतील, जीभ पाहतील, मुलाला कॉरिडॉरमध्ये पळवतील. पळवू द्या, मध्ये ‘नीट पळ हं’ म्हणू नका.

तपासण्यांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. ताकद उत्तम, वाढ वेळेवर, दोन्ही बाजू सारख्या, आणि फक्त रिफ्लेक्स नाही, अशा मुलाला डॉक्टरांनी काही तपासण्या न करता चार महिन्यांनी बोलावले तर त्यांनी टाळाटाळ केली असे समजू नका. तो विचारपूर्वक दिलेला सल्ला आहे. आणि कुणी पहिल्याच भेटीत लांबलचक यादी हातात ठेवली तर प्रत्येक तपासणीपुढे विचारा: ‘हिचा निकाल आला तर तुम्ही पुढे काय वेगळे कराल?’

सीपीके ही साधी रक्ततपासणी, स्नायूंच्या आजारासाठी. ड्युशेनमध्ये आकडा हजारोंच्या घरात जातो. मुलाला नुकतेच स्नायूत इंजेक्शन दिले असेल किंवा ते दिवसभर उड्या मारून आले असेल तर आकडा थोडा वाढतो, म्हणून तसे सांगा. इथे एक चकवा आहे. एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताची म्हणून ओळखली जाणारी द्रव्ये स्नायूंतही असतात. ती वाढलेली पाहून ‘कावीळ’ म्हणून पथ्यावर ठेवलेल्या मुलाचा खरा आजार स्नायूंचा असू शकतो. डोळे पिवळे नाहीत आणि आकडे महिनोन्‌महिने चढेच आहेत, तर सीपीके विचारा.

थायरॉइड आणि बी-१२ रक्तातून कळते. एनसीव्ही म्हणजे नसेवर विजेचे छोटे झटके देऊन तिचा वेग मोजणे. धोका नाही, पण मूल रडते, आणि ते कारणाशिवाय का रडवायचे? मणक्याच्या एमआरआयसाठी लहान मुलाला गुंगी द्यावी लागते, म्हणून पाठीवर खूण, लघवीची तक्रार किंवा दोन पायांत फरक असेल तेव्हाच. जनुकीय तपासणी सर्वांत शेवटी, आणि तिच्या आधी डॉक्टरांशी नीट बसून बोलणे. एसएमएचा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडते, अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात ती शक्यता चारात एक असते. निकाल आला की तो फक्त या मुलापुरता उरत नाही.

मधले महिने

पुढची तारीख मिळाली की घरात सल्ल्यांचा पूर येतो. मोहरीचे तेल, तिळाचे तेल, अश्वगंधा, नसांचे टॉनिक, कल्याणला कुणीतरी ‘शीर बसवून’ देणारा. तेलाने मूल शांत झोपते, चोळा. रिफ्लेक्स त्याने येत-जात नाही. शीर बसवणाऱ्याकडे मात्र नेऊ नका. मान-पाठ कडकडा मोडण्यात मज्जारज्जूला इजा होऊ शकते. टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेले बी-१२ किंवा डी तेवढेच द्या.

शाळेत काय सांगायचे? काही नाही. मूल पळते, खेळते, तर पीटीच्या तासाला त्याला बसवून ठेवू नका. आणि मुलासमोर ‘याचा पाय उडत नाही’ हे पाहुण्यांना सांगणे थांबवा. पाच वर्षांचे पोर ते ऐकून खरोखर लंगडू लागते.

महिन्यातून एकदा, त्याच जिन्यावर, त्याच फरशीवर, तेच तीन व्हिडिओ पुन्हा घ्या. रोज पाहिले तर रोज काहीतरी दिसते. महिन्याच्या अंतराने मूल पुढे गेले की मागे, हे शेजारी शेजारी लावून पाहता येते, आणि डॉक्टरांनाही तेवढेच हवे असते. आधी येत असलेली एकही गोष्ट येईनाशी झाली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जा.

सगळे ठीक निघाले तरी एक काम उरते. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत, तारखेसह आणि डॉक्टरांच्या सहीने लिहून घ्या: ‘दोन्ही गुडघ्यांचे रिफ्लेक्स मिळत नाहीत, ताकद उत्तम, बाकी तपासणी सामान्य.’ हे मूल पुढे कधी मोटारसायकलवरून पडेल, पाठीला मार लागेल आणि कॅज्युअल्टीतला डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारेल. पाय उडणार नाही. ही खूण नवी आहे की जुनी, हे त्या डॉक्टरला या एका ओळीवरूनच कळेल, म्हणून मूल मोठे झाले की ती फाइल त्याच्या हवाली करा.